सहा पूर्णांक चार सेकंद

१३ मे १९८४, आयोवा

आर्डिथ,

दोनदा फोन केला. दोन्ही वेळा माझा आवाज ऐकून तू रिसीव्हर ठेवलास. तिसऱ्यांदा करायची हिंमत नाही, म्हणून लिहितोय. पत्र फेकायचं झालं तर निदान कचऱ्याच्या डब्यापर्यंत तरी उठून जावं लागेल तुला.

वेंडेलला भेटून आलो. खरं तर मी जायला नको होतं. माझा इलाका कॅन्सस आणि ओक्लाहोमा. शाळांच्या मैदानांवर हिंडायचं आणि बेसबॉलच्या क्लबसाठी पोरं हेरायची, एवढंच माझं काम. पोरानं एकदा सही केली की तो दुसऱ्यांच्या ताब्यात जातो आणि त्याच्यामागे घुटमळणारा हेर क्लबला आवडत नाही. तरी सात तास गाडी हाकत गेलो. तुझा मुलगा आहे तसा माझा भाचाही आहे, हे क्लबला कुठे माहीत नाही?

पोराची तब्येत बरी आहे. वजन थोडं उतरलंय. राहायला एका शाळामास्तराच्या घरी वरची खोली मिळाली आहे, मास्तरीणबाई दोन वेळा गरम वाढतात आणि त्याचे कपडे स्वतःच धुतात, हे ऐकून तुला राग येईल की बरं वाटेल ते मला सांगता येत नाही.

आता खेळाचं. लपवून उपयोग नाही, वर्तमानपत्रात आकडे छापून येतात आणि तू ते गावातल्या वाचनालयात जाऊन बघतेस हे मला कळलंय. सरासरी हजारात एकशे चौऱ्याण्णव. बरा बॅटर अडीचशेवर असतो, चांगला तीनशेला पोहोचतो, आणि दोनशेच्या खाली फार दिवस कोणी राहत नाही, त्याच्या आधीच त्याची बॅग भरलेली असते. त्याचं हे दुसरं वर्ष. शिडीच्या खालून दुसऱ्या पायरीवर आहे तो अजून. ऑगस्टअखेर हंगाम संपतो. तोवर काही झालं नाही तर क्लब त्याला सोडून देईल.

पण घाबरून जाऊ नकोस. त्यांनी त्याला मैदानाच्या मधल्या पट्ट्यात, सेंटरफिल्डला उभं केलंय आणि बॅटिंगला सगळ्यांत पहिला पाठवतात. ही जागा ते ज्याच्यावर विश्वास आहे त्यालाच देतात. पायांमुळे. साठ यार्ड सहा पूर्णांक चार सेकंदांत पळणारं पोरगं रोज मिळत नाही. त्याची बॅट आता त्या पायांना शोभेल अशी बनवताहेत. पूर्वीसारखा बॉल आभाळात भिरकावायचा नाही, जमिनीवर हाणायचा आणि सुटायचं. नवं काही शिकताना माणूस आधी थोडा अडखळतोच.

शिष्यवृत्तीचं मी विसरलेलो नाही. विद्यापीठ चार वर्षं फुकट शिकवणार होतं, त्याला गुरांचा डॉक्टर व्हायचं होतं, आणि मी तुझ्या स्वयंपाकघरात बसून दोन तासांत ते मोडीत काढलं. ते मी नाकारत नाही.

ऑरिन

४ जून

आर्डिथ,

तुझं उत्तर नाही, पण तू पाठवलेला ओटच्या बिस्किटांचा डबा वेंडेलच्या खोलीत पाहिला. झाकणाच्या आत तुझी चिठ्ठी होती, ती मी वाचली नाही. बिस्किटं मात्र तीन खाल्ली, तो आंघोळीला गेला होता तेव्हा.

हो, पुन्हा गेलो होतो. या वेळी त्यांचा मॅनेजर टॉलिव्हर याच्याशी बोललो. माझ्याच वयाचा आहे, गुडघे गेलेले, बाकावर बसून सूर्यफुलाच्या बिया चावतो. माणूस वाईट नाही. त्यानं मला कुंपणापाशी बाजूला घेतलं आणि म्हणाला, "तुझा भाचा पळत नाही."

मी विचारलं, म्हणजे काय.

"म्हणजे पळत नाही. तुझ्या कार्डावर सहा-चार आहे. सहा-चारवाला पोरगा बॉल मारून पहिल्या बेसवर चार-दोन सेकंदांना असायला हवा. हा येतोय चार-पाचला. आईचा लाडका दिसतोय. अर्ध्या वाटेत सोडून देतो."

मध्ये उंच आलेल्या बॉलवरही तो एका पावलानं उशिरा पोहोचतो म्हणे. एक पाऊल, आर्डिथ. बॉल हातमोज्याच्या टोकाला लागून खाली पडतो आणि लोक शिट्ट्या मारतात. टॉलिव्हरच्या मते हे पाऊल पायात नाही, डोक्यात कमी आहे. म्हणून गेले तीन आठवडे सराव सुरू व्हायच्या आधी, भर दुपारी, तो वेंडेलला एकट्याला या कुंपणापासून त्या कुंपणापर्यंत पळवतो. वीस फेऱ्या. बाकीची पोरं सावलीत बसून मोजतात. त्यांनी त्याचं नाव ठेवलंय, 'जावईबापू', कारण घरचा माणूस वशिल्यानं आलाय.

मी टॉलिव्हरला काय सांगितलं ते विचारशील. मी म्हणालो, बोलतो त्याच्याशी.

आणि बोललो. खेळ संपल्यावर त्याला जेवायला घेऊन गेलो, स्टेक मागवला, आणि समजावणीच्या सुरात म्हणालो की बाबा, देवानं पाय दिलेत ते वापर, टंगळमंगळ करू नकोस. तो खाली बघून मांस कापत राहिला. मग म्हणाला, "मामा, मी जीव तोडून पळतोय. खरंच सांगतो. याच्यापुढे कसं पळायचं ते मला माहीतच नाही."

मी म्हणालो, अजून जोर लाव.

एवढंच. बाकी सगळं ठीक. सरासरी दोनशे तीन झाली, म्हणजे चढतेय.

ऑरिन

२० जून

आर्डिथ,

चार पानं लिहिली आणि फाडली. एकच विचारतो. त्या दिवशी मी कागद घेऊन आलो होतो तेव्हा तू भांडी पुसता पुसता म्हणालीस, "ऑरिन, खरंच एवढा पळतो का तो? वासराच्या मागे धावताना तर धापा टाकतो." आणि मी हसलो. तुला आठवतं का मी हसलो होतो ते? मला रोज आठवतं.

ऑ.

९ जुलै, सालिना, कॅन्सस

आर्डिथ,

आधी बातमी. वेंडेलच्या डाव्या मांडीचा मागचा स्नायू फाटला. काळजी करण्यासारखं नाही असं डॉक्टर म्हणतात, तीन आठवडे विश्रांती. खेळताना झालं नाही ते. दुपारच्या फेऱ्यांत झालं, अकराव्या फेरीला. खाली पडला तेव्हा सावलीतल्या पोरांना वाटलं नाटक करतोय, म्हणून कोणी उठलं नाही. तोच लंगडत सावलीपर्यंत आला. हे मला मास्तरीणबाईंनी फोनवर सांगितलं. वेंडेल स्वतः नुसतं "पाय दुखावला" एवढंच म्हणाला.

आता दुसरी गोष्ट. ती सांगायची म्हणूनच मे महिन्यापासून मी तुला पत्रं लिहितोय, आणि प्रत्येक पत्रात तिला वळसा घालून पुढे जातोय.

बासष्टचा एप्रिल. बासष्ट नाही, ब्याऐंशी. बघ, साधं वर्ष लिहितानाही हात चुकतो. ब्याऐंशीच्या एप्रिलमध्ये शाळेच्या मैदानावर मी सहा पोरांची चाचणी घेतली. तू आली नव्हतीस, तुला पटतच नव्हतं. दुसऱ्या एका क्लबचा ल्यूथर बीम माझ्या शेजारी उभा होता. आम्ही दोघं वीसेक वर्षं एकमेकांना ओळखतो, एकाच खानावळीत खातो आणि एकमेकांची पोरं पळवतो.

साठ यार्डांची वेळ आम्ही कशी धरतो ते तुला माहीत नसेल. शिट्टी नसते, बंदूक नसते. पोराला वाटेल तेव्हा तो सुटतो. त्याचं पाऊल पहिल्यांदा हललं की अंगठ्यानं घड्याळ दाबायचं आणि छाती रेषेवरून गेली की पुन्हा दाबायचं. तेवढ्यात पापणीही लवायला नको. या अंगठ्याचाच मला बावीस वर्षं पगार मिळतोय.

वेंडेल रेषेवर आला. वाकला. आणि सुटायच्या आधी त्यानं टोपीचं टोक दोनदा खाली ओढलं. आर्डिथ, रॉय ट्रॅक्टरवर चढण्याआधी असंच करायचा. तंतोतंत असंच. तुझा नवरा गेल्याला नऊ वर्षं झाली होती, आणि मी त्याला दफनाच्या दिवसानंतर एकदाही इतकं समोर पाहिलं नव्हतं. मी त्या टोपीकडे बघत राहिलो. भानावर आलो तेव्हा पोरगा दोन पावलं पुढे गेला होता. तेव्हा मी अंगठा दाबला.

घड्याळानं सहा-चार दाखवलं.

ल्यूथर म्हणाला, "माझ्याकडे सहा-सात." मी म्हणालो, "अंगठा झोपला होता काय तुझा, म्हाताऱ्या?" तो हसला आणि त्यानं आपल्या वहीत सहा-सात लिहिलं. त्याच्या क्लबनं पुन्हा आपल्या पोराचं नावही काढलं नाही. त्यांचं बरोबर होतं. सहा-सात पळणारी पोरं गावोगाव पडली आहेत.

पुन्हा पळ, एवढंच म्हणायचं होतं. आम्ही नेहमी म्हणतो. शंका आली की पोराला दहा मिनिटं बसवायचं, पाणी द्यायचं आणि पुन्हा पळवायचं. माझ्या तोंडातून ते निघालं नाही. मी कार्डावर सहा पूर्णांक चार लिहिलं आणि खाली सही केली.

वरून तपासनीस आला त्या आठवड्यात मैदान चिखलात गेलं होतं, पळवणं शक्य नव्हतं. त्यानं बॅटिंग पाहिली आणि वेळ माझ्या कार्डावरून उतरवून घेतली. ऑरिन हॅस्केलच्या आकड्यावर आजवर कोणी बोट ठेवलं नव्हतं. म्हणून पुढचं सगळं त्या आकड्यावरून ठरलं. मधला पट्टा, पहिली बॅटिंग, बॉल जमिनीवर हाणणं. ज्या पोरानं शाळेत असताना धान्याच्या कोठारापर्यंत बॉल मारले त्याला दोन वर्षं मातीत बॉल खुपसायला शिकवलं, कारण तो वेगवान आहे म्हणे. आणि आता तो वेगवान दिसत नाही तर कोणी असं म्हणत नाही की कार्ड चुकलं असेल. म्हणतात, पोरगं आळशी आहे.

का लिहिलं असं तू विचारशील. एक तर रॉय. ते खरं आहे आणि ते मी सबब म्हणूनही वापरू शकेन, पण दुसरंही आहे. बावीस वर्षांत मी एक्केचाळीस पोरांच्या सह्या घेतल्या. एकही वरपर्यंत पोहोचला नाही. एकही नाही, आर्डिथ. मला एक पोरगा हवा होता. आणि तो आपल्या घरातला निघाला तर किती छान, असं वाटलं. हव्यासच होता तो, दुसरं नाव नाही त्याला.

टॉलिव्हर मला सांगत होता की तो पळत नाही, तेव्हा मी एका वाक्यात त्या पोराची दुपारची शिक्षा थांबवू शकलो असतो. मी त्याला स्टेक खाऊ घातला आणि अजून जोर लाव म्हणालो.

तुझा भाऊ म्हणवून घेण्याची आज लाज वाटते, तरी सही करतो.

ऑरिन

३० जुलै, आयोवा

आर्डिथ,

उत्तराची अपेक्षा नव्हती. तुझं पाकीट आलं आणि मी गाडीतच बसून उघडलं. आत एकच ओळ. "हे त्यांना सांग." बरोबर आहे तुझं. सांगणार आहे.

आणि आज मला वाटतंय की सगळंच काही संपलेलं नाही. ऐक.

परवा सकाळी आठला वेंडेलला घेऊन मैदानावर गेलो. गवताला पाणी घालणारा माणूस सोडून कोणी नव्हतं. पाय बरा आहे आता, चालताना कळत नाही. मी बादलीभर बॉल घेतले, म्हाताऱ्या हातानं फेकायला लागलो आणि त्याला म्हणालो, "शाळेत मारायचास तसं मार."

तो म्हणाला, "टॉलिव्हर ओरडेल."

"टॉलिव्हर झोपलाय. मार."

पहिले आठ-दहा वाया गेले. खांदेच विसरले होते. मग एक बॉल बॅटवर बसला आणि तो आवाज आला. तुला आवाज माहीत आहे, तू परसात कपडे वाळत घालताना ऐकायचीस आणि "काच फोडणार आहात माझी" म्हणून ओरडायचीस. बॉल डावीकडच्या कुंपणावरून गेला, पलीकडच्या रस्त्यावरून गेला, आणि पावाच्या गाडीच्या टपावर आदळला. गाडीवाला उतरून आम्हाला शिव्या घालायला लागला आणि तुझा मुलगा हसायला लागला. बॅट टेकवून, पोट धरून. दोन वर्षांत मी त्याला हसताना पाहिलं नव्हतं. मी तिथे पिचरच्या उंचवट्यावर उभा राहून रडलो. त्याला म्हणालो, घाम डोळ्यात गेला.

त्यानंतर अकरा बॉल कुंपणापलीकडे.

बघ, माझं गणित असं आहे. सोमवारी केस्लरला फोन करायचा. खालच्या सगळ्या संघांतली पोरं कुठे खेळणार, कोण राहणार आणि कोण जाणार हे तोच ठरवतो. त्याला सांगायचं की वेळ माझी चुकली, दोष माझा, मला काढून टाका. पण पोराला मधून काढून डावीकडे उभं करा, तिथे एवढं पळावं लागत नाही, आणि त्याची जुनी बॅट त्याला परत द्या. उरलेला एक महिना. कोणीही शहाणा माणूस ऐकेल. नुकसान त्यांचंच होतंय ना?

वेंडेलला अजून काही सांगितलेलं नाही. केस्लर हो म्हणाला की सांगेन, म्हणजे वाईट आणि चांगलं एकत्र ऐकेल.

माझी नोकरी जाईल. जाऊ दे. तुझ्या कोंबड्यांच्या खुराड्याचं छप्पर दुरुस्त करायला तरी येऊ देशील.

ऑरिन

१० ऑगस्ट, आयोवा

आर्डिथ,

त्याच्या पत्रातून किंवा त्याच्या तोंडून तुला अर्धं कळलं असेल. उरलेलं अर्धं माझ्याकडे आहे.

सोमवारी केस्लरशी बोललो. सगळं सांगितलं, अंगठा, ल्यूथर, चिखल, सगळं. तो कागद चाळत होता, ते मला ऐकू येत होतं.

मग त्यानं विचारलं, "खरी वेळ किती?"

"सहा-सात. कदाचित आठ."

"म्हणजे पोरगा आळशी नाही."

मी म्हणालो, अजिबात नाही.

"मग हळू आहे," केस्लर म्हणाला. "आळशी असता तर बरं झालं असतं, ऑरिन. आळशी पोराला आम्ही सुधारतो. ते पाय आहेत म्हणूनच मी त्याला दोन वर्षं धरून ठेवलं होतं."

मी डाव्या बाजूचं बोललो, पावाच्या गाडीचं बोललो. अकरा बॉल म्हणालो. तो म्हणाला, सकाळी आठला मामानं फेकलेले बॉल सगळेच मारतात. डावीकडे उभं राहून बॉल लांब मारणारी पोरं त्याच्याकडे सहा आहेत आणि सगळी याच्याहून वर्षानं लहान. ती यादी त्यानं मला नावांसकट वाचून दाखवली. त्यातल्या एकाची सही मीच घेतली होती.

मी म्हणालो, मग मलाही काढा.

"तुला कशाला?" तो म्हणाला. "अंगठा सगळ्यांचाच चुकतो कधीतरी. पुढच्या आठवड्यात विचिटाजवळ एक डावखुरा पिचर आहे, तो बघून ये."

माझी नोकरी शाबूत आहे. हे तुला सांगताना मला काय होतंय ते लिहिता येत नाही. दोन वर्षांत पहिल्यांदा खरं बोललो, ते त्याला बुडवायला कामी आलं. गप्प बसलो असतो तर ऑगस्टअखेरपर्यंत तरी राहिला असता तो. कदाचित पुढच्या वर्षीही. त्या खोट्या आकड्यानं त्याला पांगळं केलं होतं, आणि उभाही त्याच आकड्यावर होता तो. मला हे कळायला हवं होतं. माझा धंदाच आहे हा.

गुरुवारी टॉलिव्हरनं त्याला खोलीत बोलावलं. मी पोहोचलो तोवर कपाटावरची त्याच्या नावाची पट्टी कोणीतरी काढून टाकली होती आणि तो बूट कागदात गुंडाळत होता. बाकीची पोरं मैदानावर होती. त्याला टॉलिव्हरनं कारण सांगितलं नव्हतं. आकडे बरोबर नाहीत, एवढंच म्हणाला. ते एका अर्थी खरंच आहे.

मी म्हणालो, चल, गाडीनं घरी सोडतो. तो नको म्हणाला, बसनं जाईन, तुला तुझी कामं आहेत, उगीच खेटा कशाला. मग आम्ही बसथांब्यावर बसलो. दोन तास होते. मला वाटलं होतं तो रडेल किंवा मला शिव्या देईल. दोन्ही केलं नाही. तो म्हणाला, "मामा, टॉलिव्हरचं बरोबर होतं रे."

मी विचारलं, कशात.

"माझ्यात काहीतरी कमी आहे. पाय होते, तू मोजलेस, सहा-चार. एवढे पाय असून जमलं नाही म्हणजे मनातून मी पळतच नसणार. मला वाटायचं मी पळतोय. पण नसणार."

तेव्हा सांगायचं होतं, आर्डिथ. तोंड उघडलं होतं मी. पण त्यानं माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "सहा-चार खरंच होतं ना? तेवढं तरी होतं ना?"

दोन वर्षांतलं सगळं त्याच्याकडून काढून घेतलं होतं. उरलं होतं ते एवढंच. ते मी त्या बाकावर बसून काढून घेऊ शकलो नाही. मी म्हणालो, "हो बाळा. होतं."

तो म्हणाला, मग ठीक आहे. त्याचं ठरलंय. घरी गेल्यावर रोज सकाळी उठून शेताच्या रस्त्यावर पळणार. मांडी दुखली तरी थांबणार नाही, कारण थांबायची सवयच त्याला नडली असं त्याला वाटतं. वसंतात दुसऱ्या क्लबांच्या खुल्या चाचण्या असतात, तिथे पुन्हा साठ यार्ड पळून दाखवणार. कॉलेजचं विचारलं तर म्हणाला, ते नंतर, आधी पाय परत आणतो. मग बस आली. त्यानं मला मिठी मारली, आर्डिथ. मला.

हे पत्र तुला मिळेल तेव्हा तो घरी येऊन तीन-चार दिवस झाले असतील. सकाळी मागचं दार वाजत असेल आणि तो बाहेर पडत असेल. त्या फाटलेल्या पायानं तो अशा वेळेच्या मागे धावतोय जी कधी कोणी पळालंच नाही. एक सेकंदाचा तिसरा हिस्सा, माझ्या अंगठ्यातून निसटलेला. तो त्याला जन्मात सापडणार नाही, आणि प्रत्येक वेळी सापडला नाही की तो स्वतःलाच दोष देईल.

मी तिकडे यायला निघालो होतो. अर्ध्या तासावरून गाडी वळवली. त्याच्या तोंडासमोर मी पुन्हा 'हो, होतं' असंच म्हणेन, हे मला ठाऊक आहे.

तू कधीच खोटं बोलली नाहीस त्याच्याशी. तू त्याला थांबव. त्याला सांग की तो कधीच तेवढा वेगवान नव्हता, आणि तो कधीच आळशी नव्हता. दोन्ही एकाच दमात सांगावं लागेल, आधी एक सांगून थांबलीस तर तो मोडेल. आणि मी हे त्याच्यापासून का लपवलं असं त्यानं विचारलं तर जे खरं वाटेल ते सांग. माझी बाजू घेऊ नकोस.

ऑरिन